‘आवडणे’ आणि ‘आवडवुं’

बडोद्यातील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात मी गुणवत्ता विभागात काम करते, तेथे चार वर्षांपूर्वी वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या पट्टीची वेटोळी (कॉइल) गुंडाळण्याच्या, विभागातील कामगारांना प्रशिक्षण देण्याचे काम माझ्याकडे आले. माझ्या अंगी शिकवण्याची काही कला आहे, असे कोणाला वाटले म्हणून ते आले नव्हते. कॉइलमधील तांब्याच्या पट्ट्यांचे जोड सदोष निघत होते, तपासणीत ते परत पाठवावे लागत होते, आणि परत पाठवण्याच्या चिठ्ठीवर सही माझी असे. ‘बेन, दोष तुम्हालाच दिसतात, तर शिकवाही तुम्हीच,’ असे उत्पादन विभागाचे साहेब भर बैठकीत म्हणाले, आणि विषय तेथेच मिटला.

हा जोड काय असतो, ते थोडक्यात सांगणे भाग आहे. कॉइल गुंडाळताना पट्टी संपली की तिच्या टोकाला नवीन पट्टीचे टोक ब्रेझिंगने, म्हणजे मधे दुसरा धातू वितळवून, जोडतात. त्यासाठी वापरायच्या मिश्रधातूच्या कांडीत फॉस्फरस असल्यामुळे तांब्याला तांबे जोडताना वेगळा फ्लक्स, म्हणजे पृष्ठभाग स्वच्छ करणारे रसायन, लावावा लागत नाही, त्यामुळे काम दिसायला फारच सोपे दिसते. त्यानंतर जोडावरचा उंचसखलपणा आणि कडेला राहिलेली बारीक धार, म्हणजे कारखान्यातील भाषेत ‘बर’, कानशीने घासून काढायची आणि त्यावर क्रेप कागदाची पट्टी अशी गुंडाळायची की प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याचा अर्धा भाग झाकेल. बर राहिली तर त्या टोकदार जागी विद्युत क्षेत्राचा ताण एकवटतो आणि इन्सुलेशन, म्हणजे वीज रोखणारे आवरण, नेमके तेथेच कमजोर पडते. आमच्याकडे दोष दोन प्रकारचे होते: एक बरचा, दुसरा कागदाचा.

पहिले प्रशिक्षण मी शनिवारी जेवणानंतर सभागृहात घेतले. बावीस माणसे, दोन तास आणि ७१ स्लाइड. इन्सुलेशनचे प्रकार, मानकांतील तरतुदी, जळालेल्या कॉइलची छायाचित्रे, असे मला माहीत असलेले सर्व काही त्यात होते. स्लाइड इंग्रजीत होत्या आणि मी बोलत होते हिंदीत. माणूस वाचलेल्यापैकी दहा टक्के, ऐकलेल्यापैकी वीस टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी नव्वद टक्के लक्षात ठेवतो, असे सांगणारा तो प्रसिद्ध पिरॅमिडही मी दुसऱ्याच स्लाइडवर लावला होता. त्या टक्केवारीला कोणत्याही संशोधनाचा आधार नाही, आणि एडगर डेल यांनी १९४६ मध्ये मांडलेल्या ज्या शंकूवरून ती घेतल्याचे सांगतात त्यात मुळात आकडेच नव्हते, हे मला बऱ्याच नंतर कळले. आकडे खरे मानले तरी, नव्वद टक्के करून शिकता येते असे सांगत दोन तास नुसते ऐकवणारी मी काय करत होते, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. शेवटी अभिप्रायाचे फॉर्म वाटले. जवळजवळ सर्वांनी ‘उत्कृष्ट’वर खूण केली होती आणि दोघांनी समोशांचाही उल्लेख केला होता.

चौथ्या दिवशी पहिल्या रांगेत बसून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या वाइंडरचा जोड माझ्या टेबलावर आला. त्याच्या कडेला बर होती.

मी तडक वाइंडिंग विभागात गेले. तेथील सर्वांत जुने वाइंडर, ज्यांना सगळे काका म्हणतात, त्यांनी हातातले काम न थांबवता माझे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘बेन, अमने बधुं आवडे छे, पण कानस क्यां छे?’ गुजरातीत ‘आवडवुं’ म्हणजे एखादी गोष्ट येणे, जमणे. मराठीत ‘आवडणे’ म्हणजे काय, ते सांगायला नको. बडोद्याच्या मराठी घरांत या शब्दावरून विनोद करत आम्ही लहानाचे मोठे झालो, पण त्या दिवशी तो शब्द माझ्या मनात वेगळाच अडकला. माझ्या फॉर्मने कामगारांना मराठीतले ‘आवडणे’ विचारले होते. कारखान्याला हवे होते ते गुजरातीतले.

काकांच्या वाक्याचा उरलेला अर्धा भाग अधिक महत्त्वाचा होता. (कानस हा शब्द मराठीत आणि गुजरातीत एकच आहे, बिहारकडची मुले तिला रेती म्हणतात.) त्यांनी दाखवलेल्या कानशीचे दात इतके झिजले होते की तिच्यावरून बोट फिरवले तर ते गुळगुळीत लागत होते. स्टोअरमधून दर तीन महिन्यांनी टेबलामागे एक कानस मिळे, ती सहा आठवड्यांतच निकामी होई, आणि पुढचे सहा आठवडे प्रत्येक जण आपापल्या परीने वेळ मारून नेई. मी तीन दिवस, दोन्ही पाळ्यांत, हातात वही घेऊन नुसती उभी राहिले. त्यानंतर कोणतेही प्रशिक्षण आखण्यापूर्वी स्वतःला विचारायचा एक प्रश्न मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला: या माणसाच्या हातावर आत्ता सोन्याचे कडे ठेवले, तर हे काम तो बिनचूक करील का? उत्तर ‘हो’ असेल तर त्याला शिकवण्यासारखे काही नाही. अडचण हत्यारात, उजेडात, वेळेत किंवा वरिष्ठांच्या घाईत शोधायला हवी. बरच्या बाबतीत बहुतेकांचे उत्तर ‘हो’ होते. कानशी महिन्याला मिळाव्यात अशी मागणी मी पाठवली, ती दोन बैठकांनंतर मंजूर झाली. तेवढ्या खर्चासाठी मला जेवढे लिहावे लागले, त्याच्या चौथाईनेही ७१ स्लाइडच्या प्रशिक्षणाबद्दल कोणी विचारले नव्हते, याचे वैषम्य मला अजूनही वाटते.

कागदाच्या बाबतीत मात्र उत्तर ‘नाही’ होते. नव्या मुलांना कितीही वेळ दिला आणि कितीही चांगला कागद दिला, तरी त्यांचे वेष्टन एका ठरावीक जागी, म्हणजे पट्टीवर आधीपासून असलेला जुना कागद संपून नवा सुरू होतो तेथे, कच्चे राही. काकांचे कधीच राहत नसे. ‘तुम्ही वेगळे काय करता?’ असे त्यांना विचारले तर ते म्हणत, ‘काही नाही, नीट गुंडाळतो.’ ते काही लपवत नव्हते. पंचवीस वर्षे हातांनी केलेले काम आता त्यांच्या तोंडाच्या ताब्यात राहिलेले नव्हते. मी त्यांची परवानगी घेऊन केवळ हातांचे चित्रण केले आणि घरी संथ गतीने अनेकदा पाहिले. तेव्हा दिसले की जोड करण्यापूर्वी ते पट्टीवरचा जुना कागद सरळ कापत नाहीत, पेन्सिलीला टोक काढावे तसा थर-थर उतरता कापतात, आणि नवा कागद त्या उतारावर चढवत नेतात. मुले चाकूने काटकोनात कापत होती, त्यामुळे नवा कागद जुन्याला नुसता टेकत होता आणि त्या रेषेवर इन्सुलेशनची सलग जाडी राहत नव्हती. दुसरी गोष्ट अशी की कागदाची पट्टी खेचून धरताना काका करंगळी आणि अनामिका वापरत, त्यामुळे क्रेपच्या सुरकुत्या बसत, पण पार सपाट होत नसत. सपाट झाल्या की कागद ताणून पातळ होतो. माझ्या ७१ स्लाइडमध्ये या दोन्हींपैकी एकही गोष्ट नव्हती, कारण मलाच ती माहीत नव्हती.

एखादे काम असे उलगडून मांडण्याची जुनी आणि भक्कम रीत मला याच काळात वाचनातून सापडली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या माणसांची प्रचंड भरती झाली, तेव्हा तेथील सरकारने १९४० ते १९४५ या काळात ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा उपक्रम चालवला. त्याची मुळे पहिल्या महायुद्धात चार्ल्स अॅलन यांनी जहाजबांधणीच्या कामगारांसाठी वापरलेल्या चार पायऱ्यांत होती: शिकणाऱ्याची तयारी, काम मांडून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि शेवटी तपासणी, जिची जागा या उपक्रमात पाठपुराव्याने घेतली. पर्यवेक्षकांना ही रीत दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत, म्हणजे अवघ्या दहा तासांत शिकवली जाई. तिचा गाभा एका साध्या कागदात आहे. त्या कागदावर एका रकान्यात कामाच्या महत्त्वाच्या पायऱ्या आणि त्यांच्यासमोर कळीचे मुद्दे, म्हणजे ज्या बारकाव्यांवर काम सुधारते, बिघडते किंवा माणसाला इजा होते तेवढेच, लिहायचे. मी त्याला तिसरा रकाना जोडला: कारण. कळीच्या मुद्द्यामागचे कारण कळले नाही, तर घाईच्या दिवशी तोच मुद्दा सर्वांत आधी गळतो.

त्या बैठकांत एक प्रयोग असे. लोंबत्या दिव्याच्या होल्डरमध्ये वायर खेचली तरी ताण स्क्रूवर येऊ नये म्हणून वायरीच्या दोन टोकांची एक विशिष्ट गाठ मारतात. ती आधी नुसत्या शब्दांत समजावून सांगायची, मग नुसती दाखवायची, आणि दोन्ही वेळा शिकणारा कसा अडकतो ते पाहायचे. मी हा प्रयोग दांडिया बाजारातील आमच्या घरी आईवर केला. शब्दांत सांगितले तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले, की मी दुसऱ्यांदा सांगितलेच नाही. न बोलता करून दाखवले तेव्हा ‘समजले’ म्हणाली आणि तिने भलतीच गाठ मारली. शेवटी एकेक पायरी करून, कोणते टोक कोणाच्या मागून जाते तेवढेच सांगितले आणि तिच्याकडून तिच्याच तोंडाने म्हणवून घेतले, तेव्हा गाठ बसली. ती वायर तिने पुढे रद्दीच्या गठ्ठ्याला बांधली. मला मात्र एवढे कळले की ‘समजले’ या शब्दावर प्रशिक्षकाने कधीही विश्वास ठेवू नये.

जोडाचा कागद लिहायला मला तीन आठवडे लागले. शेवटी पायऱ्या सहाच उरल्या. बर राहिली आहे का, ते पाहण्यासाठी कापसाचा बोळा जोडावरून फिरवायचा आणि कुठे तंतू अडकतो ते पाहायचे, ही काकांची युक्ती मी चौथ्या पायरीत कळीचा मुद्दा म्हणून घातली. उद्दिष्टही नव्याने लिहिले. पूर्वी मी ‘कामगारांना इन्सुलेशनचे महत्त्व समजेल’ असे लिहिले होते. ते समजले की नाही, हे पाहण्याचा मार्ग जगात कोणाकडे आहे, कोणास ठाऊक. आता लिहिले, ‘दिलेल्या हत्यारांनी, कोणाच्याही मदतीशिवाय, सलग तीन जोड असे करील की कापूस कुठेही अडकणार नाही आणि व्हर्नियरने मोजलेली जाडी रेखाचित्रातील मर्यादेत येईल.’ असे वाक्य लिहिल्यावर प्रशिक्षण कोठे घ्यायचे, किती जणांचे घ्यायचे आणि परीक्षा कोणती ठेवायची, हे प्रश्न बहुतेक आपोआप सुटले. सभागृह सुटले, वाइंडिंग विभागाच्या कोपऱ्यात एक टेबल आले, भंगारातील तांब्याचे तुकडे आले, आणि एका वेळी चार जण, पाळीच्या सुरुवातीला चाळीस मिनिटे, असे ठरले.

भाषेचा प्रश्न मी आधी हलकाच घेतला होता. माझे शिक्षण ज्या कलाभवनात झाले, ते सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढले तेव्हा कारागिराला त्याच्या भाषेतून विद्या मिळावी हा आग्रह त्यामागे होता, आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी त्यासाठी खटपट केली होती. त्याच संस्थेतून बाहेर पडलेली मी इंग्रजी स्लाइड लावून बसले होते. नवा कागद गुजरातीत आणि हिंदीत केला. ओडिशाकडील दोन मुलांना दोन्ही लिपी अवघड जात, म्हणून प्रत्येक पायरीला हातांचे छायाचित्र घातले, आणि मग सगळेच जण मजकूर सोडून छायाचित्रेच पाहू लागले.

कागद चांगला झाला म्हणून शिकवणे चांगले झाले, असे घडले नाही. पहिल्या दोन तुकड्यांनंतर मी मोबाइलवर स्वतःचे चित्रण करून पाहिले. चाळीस मिनिटांपैकी सव्वीस मिनिटे मी बोलत होते. एक मुलगा जोड करताना चाचपडला, तेव्हा चार सेकंदही न थांबता मी त्याच्या हातातून पट्टी घेऊन स्वतःच गुंडाळू लागले होते. त्या वेळी त्याचा चेहरा कसा झाला, ते मला चित्रणातच प्रथम दिसले. तेव्हापासून कोणी अडकला की मनात दहापर्यंत आकडे मोजायचे आणि हात पाठीमागे बांधायचे, असा नियम मी केला. तो पाळणे इतके कठीण जाई की पुढे मी हातात कायम व्हर्नियर धरून उभी राहू लागले.

याहून मोठी चूक काकांच्या बाबतीत झाली. तिसऱ्या तुकडीत ते होते. त्यांनी वेष्टन सुरेख केले, पण जाडी मोजली नाही, आणि मी तीन पोरांसमोर म्हणाले, ‘काका, सहावी पायरी राहिली.’ ते व्हर्नियरकडे पाहत म्हणाले, ‘मग आता तुम्हीच करा,’ आणि हातमोजे काढून निघून गेले. पुढचे दोन दिवस त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. माझे म्हणणे चूक नव्हते, आणि मला बरेच दिवस त्याचाच आधार वाटत होता. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांच्यासमोर चहा घेऊन बसले आणि क्षमा मागितली. ते म्हणाले की मोजायला त्यांची ना नाही, पण त्या बारीक रेषा त्यांना आता चष्म्यातूनही दिसत नाहीत, आणि हे पोरांसमोर कसे सांगायचे. आम्ही आकडा थेट दाखवणारा डिजिटल व्हर्नियर मागवला. काकांकडे मी उरलेल्या तुकड्यांच्या दुसऱ्या पायरीचे, म्हणजे करून दाखवण्याचे काम सोपवले. मी शेजारी उभी राहून फक्त कळीचे मुद्दे बोलत असे. वयाने आणि कामाने मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढायची नाही, हे घरात प्रत्येकाला कळते. कारखान्यात पाऊल टाकताना मी ते गेटवर ठेवून आले होते.

पाठपुराव्याबद्दल थोडेच सांगते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये विस्मरणाची वक्ररेषा मांडली, ती प्रशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात दाखवतात. त्याने पाठ केली होती ती निरर्थक अक्षरे. हातांनी केलेल्या कामाला ते आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, म्हणून मी ते कोणाला सांगितले नाहीत. पण शिकलेले सुरुवातीलाच झपाट्याने ओसरते, एवढी गोष्ट मी घेतली. तीन दिवसांनी, दोन आठवड्यांनी आणि सहा आठवड्यांनी मी प्रत्येकाकडे जाऊन, काहीही न सांगता, एक जोड करायला लावत असे आणि करताना मुद्दे बोलायला सांगत असे. पुन्हा समजावून देण्यापेक्षा त्याला आठवायला लावणे अधिक उपयोगी पडले. दोन आठवड्यांच्या फेरीत सर्वांत जास्त विसरली गेली ती उतरत्या कापाची पायरी, कारण तिला वेळ लागतो.

मग उपयोग झाला का, हा प्रश्न आलाच. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार टप्प्यांत मांडले: शिकणाऱ्याची प्रतिक्रिया, त्याचे शिकणे, कामावरील वर्तन आणि संस्थेला मिळालेले फळ. माझा समोशांचा फॉर्म पहिल्या टप्प्यावरच थांबला होता. या वेळी परत पाठवलेल्या जोडांची नोंद मी दोषाच्या प्रकारानुसार वेगळी ठेवली, आणि एक योगायोग कामी आला. वर्षअखेरीच्या घाईमुळे दुसऱ्या पाळीचे प्रशिक्षण पाच आठवडे पुढे ढकलले गेले, नव्या कानशी मात्र दोन्ही पाळ्यांना एकाच दिवशी मिळाल्या. त्या पाच आठवड्यांत बरचे दोष दोन्ही पाळ्यांत सारखेच घटले. कागदाचे दोष पहिल्या पाळीत घटले, दुसऱ्या पाळीत होते तसेच राहिले, आणि तेथील प्रशिक्षणानंतर उतरले. साहेबांना वार्षिक अहवालासाठी ‘प्रशिक्षणामुळे दोष इतके कमी झाले’ असा एकच आकडा हवा होता. मी त्यांना दोन आकडे दिले आणि पहिल्यासमोर ‘कानस’ असे लिहिले. अहवालात त्यांची बेरीजच छापून आली. त्यावर माझे आणि त्यांचे आजतागायत एकमत झालेले नाही.

त्यानंतर मी आणखी पाच कामांचे कागद केले. दोन विषयांवरची प्रशिक्षणाची मागणी मी परत पाठवली, कारण एका ठिकाणी दिव्याची जागा चुकली होती आणि दुसऱ्या ठिकाणी दोन रेखाचित्रांत दोन वेगळी मापे होती.

मागच्या महिन्यात क्रेप कागदाचा पुरवठादार बदलला आणि २५ मिलिमीटरऐवजी २० मिलिमीटर रुंदीची पट्टी येऊ लागली. माझ्या कागदावर पाचव्या पायरीत ‘प्रत्येक वेढा साडेबारा मिलिमीटर पुढे’ असे छापलेले होते, आणि हा बदल खरेदी विभागाने मला कळवला नव्हता. सकाळी सात वाजता काकांचा फोन आला. त्यांनी टेबलावरच्या कागदातला आकडा पेनने खोडून त्यावर ‘अर्धा’ असे लिहिले होते, खाली तारीख घातली होती, आणि दुसऱ्या टेबलांवरचे कागदही असेच दुरुस्त करू की तुम्ही नवे छापून आणता, एवढेच त्यांना विचारायचे होते.